जुन्या जीपला घरच्या घरी हायड्रॉलिक क्लच: आधी मोजा, मग सामान घ्या

जुन्या जीपचा क्लच दाबून डावा पाय भरून येतोय, रिव्हर्स टाकताना कर्रर्र वाजतंय, आणि मेस्त्री म्हणतो "हायड्रॉलिक करून टाका साहेब, लोण्यासारखा होईल", अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. काम घरी होतं, अगदी अंगणात होतं, वेल्डिंग आणि लेथचं थोडं काम बाहेरून करून घ्यावं लागतं एवढंच. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात, आधी कुठल्यातरी गाडीचा मास्टर (पॅडलने दाबला जाणारा, ऑइल ढकलणारा) आणि स्लेव्ह (त्या ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) सिलिंडर आणतात आणि मग ते बसवायला जागा शोधत गाडीखाली झोपतात. मग एकतर क्लच सुटत नाही किंवा इतका जास्त सुटतो की प्रेशर प्लेटची बोटं (क्लच सोडवायला ज्यांना बेअरिंग दाबतं त्या पट्ट्या) वाकायला येतात. म्हणून या लेखात पान्यापेक्षा मोजपट्टीवर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

गाडी कुठली धरलीय ते सांगतो. विलीजने १९५३ साली उंच बॉनेटची सीजे-३बी आणली (हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर गेलं) आणि महिंद्राने ती आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. ती आणि तिच्यासारख्या लिंकेजवाल्या (दांडे-शाफ्टने क्लच चालवणाऱ्या) जुन्या जीपा इथे डोळ्यासमोर आहेत. तुमच्याकडे मारुती ८००, आल्टो किंवा जिप्सी असेल तर हा उद्योग करू नका, त्यांना केबल क्लच आहे, नवीन केबल टाकली आणि फोर्कच्या (क्लचचं बेअरिंग ढकलणाऱ्या दांडीच्या) शाफ्टला ग्रीस दिलं की बहुतेक वेळा काम होतं.

आधी जुनंच नीट बघा

जीपच्या जुन्या पद्धतीत पॅडलपासून एक दांडा आडव्या शाफ्टला जातो, त्या शाफ्टचं एक टोक चॅसीवर आणि दुसरं टोक इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला टेकलेलं असतं, आणि तिथून छोटी केबल किंवा रॉड क्लच फोर्कला ओढतो. गोम इथेच आहे. चॅसी स्थिर, इंजिन रबरावर हलणारं, आणि क्लचचा शाफ्ट दोघांच्या मध्ये अडकलेला. इंजिन माउंटिंगची रबरं मेली की पिकअप घेताना इंजिन डुलतं, त्याबरोबर क्लच आपोआप थोडा दाबला-सोडला जातो आणि गाडी धडधडत निघते. लोक म्हणतात क्लच प्लेट गेली, खरं तर माउंटिंग गेलेलं असतं.

तेव्हा पहिल्यांदा माउंटिंगची रबरं, शाफ्टचे बुश, आणि पिना जिथे बसतात ती भोकं बघा, अंडाकृती झाली असतील तर पॅडलची निम्मी चाल तिथेच खपते. हे सगळं दुरुस्त करायला फार पैसे लागत नाहीत. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो, प्लेट जळाली असेल, फ्लायव्हीलवर चरे असतील, पायलट बेअरिंग अडकत असेल तर हायड्रॉलिक करून त्यातलं काहीही बरं होणार नाही, दाबायला हलका झालेला खराब क्लच मिळेल फक्त.

मग करायचं कधी? इंजिन बदललेलं असेल तेव्हा, हे मुख्य कारण. आपल्याकडे किती पेट्रोल जीपांमध्ये मॅटाडोरचं किंवा महिंद्राचंच प्यूजो जातीचं डिझेल इंजिन बसलंय बघा, त्यात आडवा शाफ्ट कुठेतरी सायलेन्सरच्या पाइपला घासतो, मग कोणीतरी तो वाकवतो, मग कोणीतरी त्याला पट्टी जोडतो, आणि शेवटी त्याचा कोन असा होतो की पाय कितीही दाबा फोर्क जेमतेम हलतो. किंवा जड प्रेशर प्लेट टाकलीय, किंवा लिंकेजचे मूळ पार्ट मिळतच नाहीत. अशा वेळी हायड्रॉलिक म्हणजे खरंच सुटका, कारण पाइप कुठूनही वळवून नेता येतो आणि इंजिन हललं तरी क्लचला फरक पडत नाही.

मोजमाप, खरं काम हेच

तीन आकडे काढायचे. वही घ्या, लक्षात राहील म्हणू नका.

पहिला आकडा: फोर्कचं बाहेरचं टोक किती हललं की क्लच पूर्ण सुटतो. गाडी सपाट जागी, चाकांना अडथळे, इंजिन बंद. मागचं एक चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावा, गिअर टाका, आणि एकाला ते चाक हाताने फिरवायला सांगा. तुम्ही पहारीने किंवा लांब पाइपने फोर्क हळूहळू रेटा. आधी थोडी मोकळी चाल असेल, ती वेगळी लिहा. मग रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला ढकलतो ते) बोटांना टेकल्याचं हाताला कळतं, तिथून पुढे रेटत जा, ज्या क्षणी चाक मोकळं फिरायला लागेल तिथे खूण करा. टेकल्यापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर अधिक २ एमएम, हा तुमचा हवा असलेला स्ट्रोक. समजा १६ एमएम आला. तुमचा वेगळा येईल, माझा आकडा वापरू नका.

हे करताना फोर्क कुठल्या दिशेला जातोय तेही लिहून ठेवा. बाजारात मिळणारे बहुतेक स्लेव्ह फक्त ढकलतात, ओढत नाहीत. फोर्क मागे जायला हवा असेल तर स्लेव्ह त्याच्या पुढच्या बाजूला लागणार, पुढे जायला हवा असेल तर मागच्या.

दुसरा आकडा: पॅडलचं गुणोत्तर. पॅडलच्या खिळीपासून (ज्या पिनेभोवती पॅडल फिरतं) पाय ठेवायच्या जागेपर्यंत किती, आणि खिळीपासून मास्टरचा पुशरॉड (पिस्टन ढकलणारा दांडा) जिथे जोडणार तिथपर्यंत किती. ३० सेंमी आणि ५ सेंमी असेल तर गुणोत्तर ६ ला १. पाय १५ सेंमी खाली गेला तर पुशरॉड २५ एमएम हलणार.

तिसरा आकडा या दोन्हींतून निघतो, तो म्हणजे सिलिंडरचे व्यास. सूत्र सोपं आहे: स्लेव्हचा स्ट्रोक म्हणजे मास्टरचा व्यास भागिले स्लेव्हचा व्यास, त्या भागाकाराचा वर्ग, गुणिले मास्टरचा स्ट्रोक. सिलिंडर बहुतेक इंची मापात येतात म्हणून सुतात (इंचाच्या आठव्या भागात) हिशोब केला की तोंडीसुद्धा जमतो. सहा सुती मास्टर (पाऊण इंच, १९.०५ एमएम) आणि सात सुती स्लेव्ह (२२.२ एमएम) घेतला तर ३६ भागिले ४९, म्हणजे ०.७३, गुणिले २५, आला साधारण १८.४ एमएम. आपल्याला १६ हवे होते, जमलं. तोच सहा सुती मास्टर एक इंची स्लेव्हला जोडला तर १४ एमएम, क्लच अर्धवट सुटणार आणि गिअर ओरडणार. पाच सुती मास्टर आणि सात सुती स्लेव्ह म्हणाल तर १२.८, पाय अगदी हलका पण गाडी गिअरमध्ये रांगत राहील. दोन्ही सहा सुती घेतले तर पूर्ण २५, हे फार झालं, बोटं गरजेपेक्षा खोल ढकलली जातील.

आता पायाचा जोर. त्याच सहा-सात सुती जोडीत पायाने १५ किलो दाब दिला तर पॅडलमुळे ९० किलो, आणि स्लेव्ह मोठा असल्याने ९० गुणिले ४९ भागिले ३६, म्हणजे १२२ किलोच्या आसपास फोर्कवर, घर्षण सोडून. फुकट काही मिळत नाही हे यात दिसतं, जितका हलका करायला जाल तितका स्ट्रोक कमी होणार. "एकदम हलका पाहिजे" म्हणणारा माणूस शेवटी गिअर न पडणारी गाडी घेऊन येतो ती यामुळेच.

आकड्यात एक-दीड एमएम पाइप-होज फुगण्यात आणि पुशरॉडच्या मोकळ्या चालीत जातो, तेवढी जागा ठेवा, म्हणूनच १६ ला १८.४ वाली जोडी बरोबर.

सामान

आता बाजारात जा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर, जिथे जवळ पडेल तिथे. दुकानात गाडीचं नाव सांगून सिलिंडर मागू नका, व्यास आणि स्ट्रोक सांगून मागा, आणि सिलिंडरवर कोरलेलं माप स्वतः वाचा. जुन्या मालातलं सिलिंडर घेतलंत तर आतून बोट फिरवा, खड्डे असतील तर वॉशर किट (आतले रबरी सील) टाकूनही ते गळणार, त्यापेक्षा नवीन घ्या. मी तरी इथे कंजुषी करत नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. काही जण ड्रम ब्रेकचा जुना मास्टर क्लचला लावतात. त्यातल्या बऱ्याच मास्टरमध्ये तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो लाइनमध्ये थोडं प्रेशर कायम धरून ठेवतो, ब्रेकला ते लागतं, क्लचला लागलं तर रिलीज बेअरिंग सतत बोटांवर टेकून फिरत राहतं आणि लवकर वाजायला लागतं. क्लचचाच मास्टर घ्या.

दुसरं, गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्हही असतो, दिसायला छान, ब्रॅकेटची कटकट नाही. पण गळला की गिअरबॉक्स खाली. घरी करणाऱ्याने बाहेरचाच लावावा.

बाकी: ३/१६ इंची स्टीलचा ब्रेक पाइप (फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा नको), एक लवचीक ब्रेक होज, नवीन तांब्याचे वॉशर, वेगळी ऑइलची बाटली आणि तिची रबरी नळी ब्रेक ऑइलला चालणारीच, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, ८.८ ग्रेडचे बोल्ट, ६ ते ८ एमएम जाडीची प्लेट. आटे तपासून घ्या, ३/८ इंची २४ आट्यांचा आणि एम१० चा १ एमएम पिचवाला नट दिसायला सख्खे भाऊ, दोन फेरे एकमेकांत बसल्यासारखेही वाटतात, आणि मग सिलिंडरचे आटे गेले. हाताने शेवटपर्यंत फिरला तरच तो त्याचा.

काम सुरू करण्याआधी

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, लोखंडी घोड्या लावा, विटा अजिबात नकोत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या झाकणातली) काळी धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. जुनं लिंकेज काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

स्लेव्ह आधी बसवा

मास्टर आधी लावायचा मोह होतो कारण ती जागा डोळ्यासमोर असते, पण जागा ठरवतो फोर्क, म्हणून स्लेव्ह पहिला. त्याची ब्रॅकेट बेल हाउसिंगच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टांवरच घ्यायची, चॅसीवर नाही. चॅसीवर घेतलीत तर इंजिन डुललं की पुन्हा तीच धडधड, मग एवढा खटाटोप कशाला केला. दोन सलग बोल्ट निवडा, लांब बोल्ट टाका, जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून बघा आणि तो पुठ्ठा वेल्डरला द्या. नुसतं तोंडी माप सांगितलं तर तो त्याच्या मनाने करतो.

फोर्क निम्म्या चालीवर असताना पुशरॉड फोर्कला काटकोनात असला पाहिजे. म्हणजे सुरुवातीला थोडा एकीकडे, शेवटी थोडा दुसरीकडे, आणि पिस्टनवर आडवा जोर कमीत कमी. फोर्कमध्ये केबलसाठी खाच असेल तर लेथवाल्याकडून छोटा बुश करून घ्या ज्यात पुशरॉडचं गोल टोक बसेल, खाचेत तसंच टेकवलंत तर ते एक दिवस घसरणार.

पुशरॉडची लांबी नीट ठरवा. पाय सोडलेला असताना पिस्टन सिलिंडरच्या तळाला टेकलेला नको, मागे ३-४ एमएम जागा हवी. कारण प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि फोर्क पिस्टनला मागे रेटतो. मागे जागाच नसेल तर क्लच घसरायला लागेल, घाटात नेमका. आणि दुसऱ्या टोकाला, पूर्ण दाबल्यावर पिस्टन सर्कलिपपर्यंत (त्याला बाहेर पडू न देणाऱ्या कडीपर्यंत) जाऊ नये. लांबी कमीजास्त करता यावी म्हणून रॉडला आटे आणि चेक नट ठेवा.

हवा काढायची निपल वरच्या बाजूला आली का? नसेल तर आत्ताच सिलिंडर फिरवून बसवा, नंतर रडाल.

मास्टर

इथे दोन रस्ते. एक म्हणजे दुसऱ्या गाडीचं लटकतं पॅडल आणून फायरवॉलवर मास्टर लावायचा, दुसरा म्हणजे जीपचं जमिनीतून येणारं मूळ पॅडल ठेवून खाली चॅसीवर मास्टर लावायचा. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. जीपचा पत्रा पातळ, त्यावर मास्टर लावला की दर वेळी पत्रा आत-बाहेर होतो, तेवढी चाल वाया आणि काही महिन्यांत पत्र्याला चीर. फायरवॉलवरच लावायचा असेल तर दोन्ही बाजूंनी ३-४ एमएमची रुंद प्लेट सँडविच करा.

खाली लावताना पॅडलची खिळी आणि खालचा दांडा बघा. दांडा खिळीच्या खाली असेल तर पाय पुढे गेला की तो मागे जातो, म्हणजे मास्टर मागच्या बाजूला येणार. ब्रॅकेटला आधी दोन टाके मारा, पॅडल हाताने पूर्ण हलवून पुशरॉड सरळ आत जातोय का पाहा, मगच पूर्ण वेल्डिंग. चॅसीला भोक पाडायचं तर उभ्या भागात मधोमध पाडा, वरच्या-खालच्या पट्टीला हात लावू नका, सगळा जोर तिथेच असतो.

ऑइलची बाटली मात्र वर, बॉनेटखाली. ती ब्रेकच्या बाटलीला जोडून एकच करता येते, काही कंपन्याही तसं देतात, पण त्यात क्लचची नळी वरच्या पातळीवर असते म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहतं. घरी ते जमवण्यापेक्षा वेगळी बाटली बरी. आणि खाली लावलेल्या मास्टरचं रबरी बूट चांगलं ठेवा, कोकणात एक पावसाळा काढलेल्या गाडीच्या खालचा चिखल ज्याने खरवडलाय त्याला सांगायला नको.

पाइप

मास्टरपासून चॅसीवर स्टील पाइप, शेवटचा तुकडा होजचा, कारण स्लेव्ह इंजिनाबरोबर हलतो. पाइपाचं तोंड फुलवून घ्यायचं ते ब्रेकवाल्याकडून, नटाला लागतं त्याच पद्धतीचं. सायलेन्सरपासून लांब न्या, दर फूटभर क्लिप मारा, आणि मध्येच उंच कमान करू नका, हवेचा बुडबुडा तिथे जाऊन बसतो आणि काही केल्या निघत नाही.

हवा काढणं

सगळ्यात जास्त वैताग इथे, म्हणून सावकाश. बाटली भरा, निपल थोडी सैल करा आणि पॅडलला हात न लावता ऑइल आपोआप थेंब थेंब यायची वाट बघा. मग नेहमीची पद्धत, एक जण पॅडलवर, एक खाली. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबून "दाबलं" असं ओरडतो, निपल उघड, बंद कर, मगच "सोड". निपल बंद व्हायच्या आत पाय सोडला की हवा परत आत, त्यामुळे वर बसणारा माणूस फोनवर बोलणारा नको.

तरीही पॅडल मऊ राहिलं तर उलटं भरा. ६० एमएलची सिरिंज, पारदर्शक नळी, निपलला घट्ट बसवून खालून वर हळूहळू ऑइल ढकला, हवा मुळात वर जायलाच बघते, तिला मदत होते. बाटली ओसंडणार नाही इकडे लक्ष ठेवा. अजून एक युक्ती, फोर्क हाताने रेटून स्लेव्हचा पिस्टन पूर्ण आत दाबा आणि वर बाटलीत बघा, बुडबुडे येत असतील तर दाबत राहा, थांबले की झालं. स्लेव्ह जागेवरून काढलेला असताना मात्र पॅडलला कोणी पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघतो.

सेटिंग

मास्टरच्या पुशरॉडला पिस्टनला टेकण्याआधी साधारण १ एमएम मोकळी चाल हवी. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक उघडंच होत नाही, ऑइल गरम होऊन फुगलं की जायला जागा नाही आणि क्लच आपोआप दाबला जातो. सकाळी ठीक, दुपारी घसरतोय, अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेच बघायचं.

फोर्कपाशी काय ठेवायचं ते रिलीज बेअरिंगवर अवलंबून. जुन्या पद्धतीचं, सतत फिरायला न बनवलेलं बेअरिंग असेल तर फोर्कला परतीची स्प्रिंग आणि २-३ एमएम फट. सतत टेकून फिरणारं असेल तर स्प्रिंग नको. आणि पॅडलखाली एक बोल्ट-चेक नटचा अडथळा लावा, क्लच पूर्ण सुटल्यावर थोडंसं पुढे पाय थांबला पाहिजे.

आता चाचणी. इंजिन आयडलला, क्लच दाबून पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, जीपच्या जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो (गिअर आवाज न करता पडायला मदत करणारी रचना) नाही त्यामुळे खोटं लपत नाही. आवाज आला तर स्ट्रोक कमी किंवा हवा आहे. मग मोकळ्या जागी पहिला गिअर टाकून क्लच दाबून मिनिटभर धरा, गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली तर मास्टरचा वॉशर आतल्या आत ऑइल सोडतोय. शेवटी हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडायला हवं, घरघरत चालू राहिलं तर क्लच पूर्ण बसत नाहीये, मोकळी चाल परत बघा.

पहिले काही दिवस रोज सकाळी बाटलीची पातळी आणि स्लेव्हच्या बुटाची कड बघत जा, ओली दिसली तर उघडा. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. मास्टर आणि स्लेव्हचं एक-एक वॉशर किट गाडीत राहू द्या, आणि काढलेला शाफ्ट, केबल, रॉड हे सगळं एका पोत्यात बांधून ठेवा, निदान एक पावसाळा जाईपर्यंत तरी भंगारवाल्याला देऊ नका.